कॉक्लियर इम्प्लांटचे मॅपिंग: करंट नेमक्या जागी पोचवण्याची रीत

"मूल आवाजाला वळतं, पण शब्द कळत नाहीत." कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे आतल्या कानातल्या इलेक्ट्रोडांनी श्रवणाच्या नसांना थेट वीज देणारे यंत्र, बसवलेल्या मुलांचे आईबाबा ही तक्रार घेऊन आले, की बऱ्याच ठिकाणी पहिला उपाय ठरलेला असतो: सगळ्या इलेक्ट्रोडांचा करंट थोडा थोडा वाढवायचा. मूल जास्त जोरात वळू लागते, घरच्यांना बरे वाटते आणि काही महिन्यांनी तीच तक्रार परत येते. करंट वाढवल्याने आवाज मोठा होतो, पण तोच करंट शेजारच्या नसांपर्यंत पसरत असेल तर शब्द आणखी गढूळ होतात. स्पष्टता हवी असेल तर प्रत्येक इलेक्ट्रोडने आपल्या समोरच्याच नसांशी बोलावे, आणि गरजेपुरत्याच करंटने बोलावे. मॅपिंगचे, म्हणजे कोणत्या इलेक्ट्रोडने किती करंट द्यायचा हे ठरवण्याचे, सगळे काम याच दिशेने कसे करायचे, ते पुढे क्रमाने मांडले आहे.

हा लेख मुख्यतः मॅपिंग शिकणाऱ्या तरुण ऑडिओलॉजिस्टसाठी आणि स्पीच थेरपिस्टसाठी आहे. पालकांनीही तो जरूर वाचावा, कारण निम्मी माहिती घरूनच येते. मात्र इलेक्ट्रोडचे आकडे बदलण्याचे काम क्लिनिकमध्ये, प्रशिक्षित माणसाच्या हातूनच व्हायला हवे.

करंट पसरतो कसा

कॉक्लिया, म्हणजे आतल्या कानाचा शंखासारखा भाग, सरळ केला तर साधारण ३५ मिलिमीटर लांब असतो आणि अडीच वेढ्यांत गुंडाळलेला असतो. तळाशी बारीक, म्हणजे उच्च वारंवारतेचे आवाज ओळखले जातात आणि टोकाशी जाड आवाज. निरोगी कानात या लांबीवर सुमारे साडेतीन हजार आतल्या केसपेशी असतात आणि त्यांच्यामागे तीस हजारांच्या आसपास श्रवणतंतू. इम्प्लांटमध्ये हे सगळे काम कंपनीनुसार १२, १६ किंवा २२ इलेक्ट्रोडांवर येते.

इलेक्ट्रोड ज्या पोकळीत बसतो तिच्यात खारट द्रव असतो, आणि तो वीज उत्तम वाहून नेतो. नसांच्या पेशी मात्र मधल्या हाडाच्या आड असतात. त्यामुळे सोडलेला करंट समोर जाण्याआधी द्रवातून दोन्ही बाजूंना पसरतो. बांध कच्चा असला की वाफ्यात सोडलेले पाणी शेजारच्या वाफ्यात जाते, तसेच हे आहे. आणि मोटर जोरात लावली तर बांध सुधारत नाही. म्हणूनच २२ इलेक्ट्रोड असलेल्या अनेकांना बोलणे समजताना प्रत्यक्षात सुमारे आठ स्वतंत्र वाहिन्यांइतकाच फायदा होतो.

या प्रश्नावरचा पहिला मोठा उपाय १९९१ साली आला. ब्लेक विल्सन आणि सहकाऱ्यांनी सर्व इलेक्ट्रोडांना एकाच वेळी करंट न देता एकामागून एक छोट्या स्पंदांनी देण्याची पद्धत मांडली. दोन इलेक्ट्रोडांची विद्युतक्षेत्रे एकमेकांत मिसळेनाशी झाली आणि समजण्यात मोठी सुधारणा दिसली. आजच्या बहुतेक पद्धती त्याच पायावर उभ्या आहेत. त्या कामासाठी विल्सन यांना ग्रॅम क्लार्क आणि इंगेबोर्ग होखमायर यांच्यासोबत २०१३ चा लास्कर पुरस्कार मिळाला. वेळेचे भांडण असे सुटले, पण जागेचे शिल्लक राहिले. एकामागून एक स्पंद दिले तरी ते त्याच नसांवर पडत असतील, तर मेंदूला दोन इलेक्ट्रोड वेगळे वाटणार नाहीत.

पहिली पायरी: बाहेरचे यंत्र

मॅप, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडच्या पातळ्यांचा तक्ता, उघडण्याआधी कानावरचा प्रोसेसर तपासा. मायक्रोफोन, केबल, डोक्यावर चिकटणारी कॉइल, बॅटरी, एवढेच. पावसाळ्यात कोकणातून आणि मुंबईच्या किनारपट्टीवरून येणाऱ्या मुलांच्या मायक्रोफोनवर दमट हवेचा परिणाम फार लवकर होतो. 'स' आणि 'श' आधी जातात आणि दोष मॅपवर येतो. मायक्रोफोनचे आवरण बदलून, प्रोसेसर रात्रभर ड्रायरमध्ये ठेवून पुन्हा ऐकवा. मॉनिटर इअरफोन असेल तर स्वतः ऐका. याच वेळी प्रोसेसरमधली वापराची नोंदही पाहा. मूल दिवसाला चारच तास यंत्र लावत असेल, तर मॅपमधला कोणताही बदल योग्य की अयोग्य हे ठरवता येत नाही. आधी तो आकडा दहा तासांच्या वर न्यायचा.

दुसरी पायरी: इलेक्ट्रोड आत कुठे बसला आहे

या पायरीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि नेमकेपणाचा मोठा भाग इथेच ठरतो. शस्त्रक्रियेनंतरचा एक्स-रे मुलाच्या फाइलमध्ये असलाच पाहिजे; नसेल तर सर्जनकडून मागवून घ्या. सीटी असेल तर आणखी चांगले. त्यात तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली, सगळे इलेक्ट्रोड कॉक्लियाच्या आत आहेत का. तळाचे एक-दोन बाहेर राहिले असतील तर ते चालू ठेवण्यात अर्थ नाही. त्यांनी घेतलेला वारंवारतेचा भाग वाया जातो आणि कधी कधी मुलाला नुसतीच टोचणी जाणवते.

दुसरी, टोक दुमडले आहे का. काही वेळा इलेक्ट्रोड बसवलेली तार आत जाताना तिचे टोक मागे वळते. मग सर्वांत जाड आवाजाचे इलेक्ट्रोड मधल्या इलेक्ट्रोडांच्या शेजारी येऊन बसतात. सॉफ्टवेअरला ते कळत नाही. ते आपल्या क्रमाने वारंवारता वाटत राहते. परिणाम असा, की पुरुषाच्या आवाजाचा गाभा चुकीच्या जागी पोचतो. काही नव्या यंत्रणांमध्ये एका इलेक्ट्रोडवर करंट देऊन बाकी सर्वांवरचा व्होल्टेज मोजता येतो. त्या तक्त्यात दूरच्या दोन इलेक्ट्रोडांमध्ये अनपेक्षित जवळीक दिसली, तर दुमड असल्याचा संशय घ्यावा आणि चित्र काढून खात्री करावी.

तिसरी, तार पोकळी बदलून वरच्या कप्प्यात गेली आहे का. ती खालच्या कप्प्यात, स्काला टिंपनीत, राहणे अपेक्षित असते. वाटेत मधला पडदा फाडून वर गेली, तर पुढच्या इलेक्ट्रोडांचे नसांशी असलेले नाते बिघडते. अशा कानांत बोलणे समजण्याचे निकाल सरासरीने कमी येतात. हे मॅपिंगने पूर्ण भरून निघत नाही, पण कोणत्या इलेक्ट्रोडवर संशय घ्यायचा ते कळते.

तारेचा प्रकारही नोंदवा. मधल्या हाडाला बिलगणारी तार नसांच्या जवळ असते, तिला कमी करंट लागतो आणि पसारा कमी होतो. बाहेरच्या भिंतीने जाणारी सरळ तार नाजूक रचना जपते आणि बऱ्याचदा खोलवर जाते, पण नसांपासून लांब राहते. दोन्हींचे आकडे एकमेकांशी तोलू नयेत. तसेच इलेक्ट्रोडांचे क्रमांक सगळीकडे सारखे नसतात. एका कंपनीत क्रमांक १ तळाशी असतो, इतर दोन मोठ्या कंपन्यांत टोकाशी. एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात मूल बदलून येते तेव्हा या फरकामुळे चुकीचा इलेक्ट्रोड बंद झाला तर मुलाचे महिने वाया जातात, म्हणून नोंदीत नेहमी 'टोकाकडचा' किंवा 'तळाकडचा' असे लिहावे.

सीटीवरून प्रत्येक इलेक्ट्रोडची खोली मोजली, की त्या जागेची नैसर्गिक वारंवारता काढता येते. ३५ मिलिमीटरच्या कॉक्लियात सर्वांत आतला इलेक्ट्रोड २० मिलिमीटरवर असेल, तर ग्रीनवुडच्या, म्हणजे कॉक्लियातल्या जागेवरून वारंवारता काढण्याच्या, सूत्राने त्या जागेचा आवाज सुमारे १,२०० हर्ट्झचा येतो. २२ इलेक्ट्रोडांच्या नेहमीच्या वाटपात मात्र त्याला १८८ ते ३१३ हर्ट्झ दिलेले असतात. म्हणजे जाड आवाज दोन सप्तकांनी वर सरकून पोचतो. मोठेपणी बहिरेपणा आलेल्यांना सुरुवातीला सगळे आवाज कार्टूनसारखे बारीक वाटतात, त्याचे एक मोठे कारण हेच. अशा रुग्णांत, विशेषतः ज्यांचा दुसरा कान चांगला आहे त्यांच्यात, वारंवारतेचे वाटप इलेक्ट्रोडच्या खऱ्या जागेकडे सरकवून पाहणे उपयोगी ठरू शकते. जन्मतः बहिऱ्या आणि लवकर इम्प्लांट झालेल्या मुलाच्या बाबतीत मी घाई करत नाही. त्याच्या मेंदूने भाषा याच वाटपावर उभी केलेली असते.

तिसरी पायरी: इम्पीडन्स आणि व्होल्टेजची मर्यादा

प्रत्येक भेटीत इम्पीडन्स, म्हणजे इलेक्ट्रोडवर करंटला होणारा अडथळा, मोजा, मागच्या भेटीशी ताडून पाहा. खूप जास्त आकडा म्हणजे तार तुटलेली किंवा हवेचा बुडबुडा. खूप कमी म्हणजे दोन तारा एकमेकींना चिकटलेल्या. असे इलेक्ट्रोड बंद करायचे. दोन चिकटलेले असतील तर दोन्ही.

मधले आकडेही बोलतात. ओमचा नियम इथे रोज उपयोगी पडतो. ६५० मायक्रोअँपिअर करंट १२ किलोओहमच्या इलेक्ट्रोडमधून पाठवायचा, तर ७.८ व्होल्ट लागतात. यंत्राकडे त्यापेक्षा कमी व्होल्टेज उपलब्ध असेल, तर पडद्यावरचा आकडा वाढत राहतो आणि प्रत्यक्ष करंट तिथेच थांबतो. ऑडिओलॉजिस्ट वाढवतो, मुलाला काही फरक वाटत नाही, आणि मॅपमधला तो भाग सपाट होऊन बसतो. मर्यादा ओलांडल्याची खूण सॉफ्टवेअर दाखवते. ती दिसली की करंट वाढवणे थांबवायचे आणि पल्स विड्थ, म्हणजे स्पंद किती वेळ चालतो ती रुंदी, वाढवायची. विद्युतभार म्हणजे करंट गुणिले वेळ. ४५२ मायक्रोअँपिअरचा २५ मायक्रोसेकंदांचा स्पंद आणि २२६ मायक्रोअँपिअरचा ५० मायक्रोसेकंदांचा स्पंद, दोन्हींत साधारण ११.३ नॅनोकूलंब असतात. लांब स्पंदाला तेवढ्याच आवाजासाठी थोडा जास्त भार लागतो, पण व्होल्टेजची ओढाताण संपते.

चौथी पायरी: टी आणि सी, प्रत्येक इलेक्ट्रोडला स्वतंत्र

टी म्हणजे जेमतेम ऐकू येणारी पातळी, सी म्हणजे मोठी पण सुखावह पातळी. काही कंपन्या तिला एम किंवा एमसीएल म्हणतात. नैसर्गिक कानाचा आवाका १२० डेसिबलच्या आसपास असतो. विजेच्या बाजूला टी आणि सी यांच्यात बऱ्याचदा १० ते २० डेसिबलच हाती येतात. एवढ्या चिंचोळ्या जागेत सगळे बोलणे बसवायचे असल्याने दोन्ही टोके चुकून चालत नाही.

आकड्यांचा अर्थ आधी मनात पक्का करा. कॉक्लियर कंपनीच्या न्यूक्लिअस या नव्या इम्प्लांटांत ० ते २५५ अशा पायऱ्या असतात. शून्यावर १७.५ मायक्रोअँपिअर, २५५ वर १,७५० मायक्रोअँपिअर, आणि प्रत्येक पायरीला करंट सुमारे १.८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे 'फक्त दहाने वाढवले' याचा अर्थ करंट २० टक्क्यांनी वाढला, आणि अडतीस पायऱ्यांत तो दुप्पट झाला. हे लक्षात ठेवले की हात आपोआप हळू चालतो.

टी मोजताना खालून वर जा. मोठ्यांना किती टुक ऐकू आले ते मोजायला सांगा. अडीच-तीन वर्षांच्या पुढच्या मुलाला खेळातून शिकवा: आवाज आला की ठोकळा डब्यात. त्याहून लहान मुलाबरोबर दोन माणसे हवीत, एक यंत्रावर आणि एक मुलाच्या समोर. टी फार वर ठेवला तर मुलाला खोलीतला पंखा, फ्रिज, रस्ता सतत ऐकू येत राहतो आणि ते त्रासून कॉइल काढते. फार खाली ठेवला तर आजीचे हळू बोलणे हरवते. न्यूक्लिअसमध्ये टी मोजून ठेवायचा असतो, इतर काही यंत्रणांत तो सीच्या दहा टक्क्यांवर धरला जातो. एका कंपनीचा नियम दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर लावू नका.

सीबाबत सगळ्यांत मोठी भूल घाईतून होते. मूल रडले नाही म्हणजे पातळी बरोबर, असे धरू नये. पापण्यांची फडफड, थांबलेला श्वास, आईच्या कुशीकडे झुकणे, कॉइलकडे गेलेला हात, या खुणा रडण्याच्या बऱ्याच आधी दिसतात. त्यांच्या खालीच थांबायचे.

लहान मुलांसाठी दोन वस्तुनिष्ठ चाचण्या मोलाच्या आहेत. एनआरटी, किंवा कंपनीनुसार एआरटी, एनआरआय, ही नसांनी दिलेले उत्तर थेट मोजते. तिचा उंबरठा बहुधा टी आणि सी यांच्या मध्ये कुठेतरी येतो. पण नेमका कुठे, हे मुलागणिक बदलते. म्हणून त्या आकड्यालाच सी मानणे धोक्याचे आहे. एनआरटीचा खरा उपयोग चढउताराचा आकार समजण्यासाठी होतो. तो आकार घ्या, पूर्ण खाली आणा, आणि मूल आवाजाला प्रतिसाद देत असताना सगळा एकत्र हळूहळू वर सरकवा. दुसरी चाचणी स्टेपिडियल रिफ्लेक्सची, म्हणजे मोठ्या आवाजाला मधल्या कानातला छोटा स्नायू आखडतो त्याची, इम्प्लांटमधून करंट देऊन केलेली. तिचा उंबरठा सीच्या पुष्कळ जवळ येतो. मूल शांत बसले आणि मधला कान स्वच्छ असला, तर मला तिच्यावर सर्वाधिक भरवसा वाटतो. आधी टिंपॅनोमेट्री, म्हणजे मधल्या कानाची दाबाची तपासणी, करा. कानात पाणी असताना रिफ्लेक्स दिसणार नाही, आणि तो दिसला नाही म्हणून मुलाला ऐकू येत नाही असेही नाही.

स्विच-ऑनच्या, म्हणजे यंत्र पहिल्यांदा चालू करण्याच्या, वेळी पाच इलेक्ट्रोड मोजून मधले अंदाजाने भरणे ठीक आहे. सहा महिन्यांनंतरही मॅप तसाच अंदाजाने भरलेला राहिला, तर मला ते मान्य नाही. नसा विरळ झालेली जागा नेमकी त्या न मोजलेल्या इलेक्ट्रोडांत दडलेली असू शकते. एका बैठकीत सगळे होत नसतील तर दोन भेटींत वाटून घ्या, पण प्रत्येकाचा आकडा स्वतंत्र हवा.

पाचवी पायरी: समतोल

सी पातळीवर टोकाकडून तळाकडे एकेक इलेक्ट्रोड क्रमाने वाजवा. मोठ्यांना विचारा, "कोणता उठून लागला? कोणता दबला?" दोन-दोन, तीन-तीनच्या गटांत सारखा आवाज येईपर्यंत जुळवा. समजा १४ क्रमांकाचा इलेक्ट्रोड बाकीच्यांहून मोठा राहिला. तो प्रत्येक शब्दात शेजारच्यांवर मात करेल आणि त्याच्या आसपासचे स्वर एकसारखे लागतील. मुलांत चेहरा पाहा; ज्या इलेक्ट्रोडवर पापण्या हलतात तो थोडा खाली आणा. इथेच गालाकडे, डोळ्याच्या कोपऱ्याकडेही लक्ष ठेवा. चेहऱ्याची नस जवळ असल्याने करंट तिथे झिरपला तर बारीक फडफड दिसते. ओटोस्क्लेरोसिसच्या (कानाच्या हाडाचा एक आजार) रुग्णांत हे अधिक आढळते. आधी पल्स विड्थ वाढवून करंट कमी करा, एका कंपनीच्या यंत्रणेत तीन टप्प्यांचा स्पंद मिळतो तो वापरा, आणि तरी फडफड थांबली नाही तर तो इलेक्ट्रोड बंद करा.

सहावी पायरी: कोणता इलेक्ट्रोड बंद करायचा

जास्त इलेक्ट्रोड म्हणजे जास्त स्पष्टता, हा समज पालकांत खोल रुजलेला आहे. एक बंद करायचे म्हटले की "आमच्या पैशाचं एक चॅनल गेलं" अशी भीती वाटते. त्यांना कागदावर दोन वर्तुळे एकमेकांवर काढून दाखवा. दोन इलेक्ट्रोड त्याच नसांवर पडत असतील, तर एक काढल्याने दुसऱ्याचे बोलणे मोकळे होते.

संशय कोणावर घ्यायचा? ज्याचा टी शेजाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे वर आहे, ज्यात टी आणि सी यांच्यातले अंतर फार कमी आहे, ज्याचा आवाज रुग्णाला खरखरीत किंवा 'टोचणारा' वाटतो, ज्याने चेहरा हलतो, किंवा चित्रात जो चुकीच्या कप्प्यात दिसतो. मग सुरांचा क्रम तपासा. शेजारचे दोन इलेक्ट्रोड सारख्या मोठेपणाने, क्रम उलटसुलट करत वाजवा आणि "कोणता बारीक, कोणता जाड?" विचारा. पाच-सहा वर्षांच्या पुढचे मूल हे खेळातून सांगू शकते. दोन्ही सतत सारखेच लागत असतील, किंवा क्रम उलटा लागत असेल, तर तो जोड गुंतलेला आहे. एनआरटीच्या साहाय्याने उत्तेजनाचा पसारा मोजण्याची सोय असेल, तर ती याच जोडांवर वापरावी.

बंद करताना एका वेळी एक-दोनच. कारण एक बंद केला की सॉफ्टवेअर त्याचा वारंवारतेचा भाग बाकीच्यांत वाटते, आणि जवळजवळ सगळ्यांचे वाटप थोडे सरकते. जुना मॅप प्रोसेसरच्या एका जागेत ठेवा, नवा दुसऱ्या जागेत. तीन-चार आठवडे घरी नव्याचा सराव, आणि मग दोन्हींवर तीच चाचणी. पहिल्या दिवशी नवे नेहमीच विचित्र वाटते, त्यावरून निकाल देऊ नये. असे बंद करण्याने काहींचे गोंगाटातले समजणे सुधारते, काहींचे काहीच बदलत नाही. ज्याला फायदा झाला नाही त्याला जुना मॅप परत द्यावा.

सातवी पायरी: स्पंदाची रुंदी, वेग आणि मोड

पल्स विड्थ वाढवल्यावर वेळेचा हिशेब तपासा. ९०० स्पंद प्रति सेकंद आणि एका वेळी आठ वाहिन्या, म्हणजे सेकंदाला ७,२०० स्पंद. प्रत्येक स्पंदाचे दोन भाग २५ मायक्रोसेकंदांचे आणि मध्ये ८ चे अंतर धरले तर एकाला ५८ मायक्रोसेकंद लागतात, आरामात बसतात. रुंदी १०० केली तर एकाला २०८ लागतात, आणि ७,२०० स्पंदांना दीड सेकंद. मावणारच नाही. वेग ५०० वर आणला तर सेकंदाला चार हजार स्पंद, ०.८३ सेकंदात बसतात. वेग बदलला की टी आणि सी पुन्हा मोजावे लागतात. जुने आकडे चालत नाहीत.

मोड म्हणजे करंट परत कुठून येतो. नेहमीच्या मोनोपोलरमध्ये तो कॉक्लियाच्या बाहेरच्या इलेक्ट्रोडकडे जातो. करंट कमी लागतो, पसारा जास्त. ट्रायपोलरमध्ये दोन्ही शेजाऱ्यांकडून परत येतो. क्षेत्र अरुंद होते, पण पुरेसा आवाज मिळवायला खूप करंट लागतो आणि बॅटरी लवकर संपते. म्हणून ट्रायपोलर मुख्यतः संशोधनात राहिले. नसांची विरळ जागा शोधण्यासाठी मात्र ते उत्तम साधन आहे: अरुंद क्षेत्राने मोजलेला टी जिथे उसळतो, तिथे नसा कमी किंवा इलेक्ट्रोड दूर. तिसरी वाट करंट दोन शेजाऱ्यांत प्रमाणात वाटून मधल्या जागी सूर निर्माण करण्याची. १६ इलेक्ट्रोडांच्या १५ जोडांत प्रत्येकी आठ जागा धरून १२० जागांची पद्धत याच तत्त्वावर आहे. तिचा फायदा संगीतात आणि सुरांच्या बारीक फरकात होऊ शकतो, पण मूळ पसारा त्याने कमी होत नाही.

आठवी पायरी: मराठीत पडताळणी

मॅप योग्य आहे की नाही, हे शेवटी मुलाच्या भाषेतच कळते. आधी साउंड फील्डमध्ये, म्हणजे इअरफोनऐवजी स्पीकरमधून आवाज देऊन, २५० ते ६,००० हर्ट्झपर्यंत उंबरठा घ्या. २० ते ३० डेसिबलच्या मध्ये आला की पुरे. आणखी खाली आणण्याच्या नादात टी वर चढतो आणि मूल गोंगाटात अडकते.

मग डॅनिएल लिंग यांचे सहा आवाज: आ, ऊ, ई, म, श, स. एक मीटरवरून आणि तीन मीटरवरून, मुलाच्या पाठीमागून किंवा बाजूने. तोंडावर कागद धरू नका, त्याने 'स' दबतो. मधे मधे काहीच न म्हणता थांबा, म्हणजे मूल अंदाजाने हात वर करते का ते कळेल. आवाज आला एवढे पुरेसे नाही; मुलाने तो उच्चारून दाखवावा.

त्यानंतर चित्रांच्या जोड्या. आमच्या कामासाठी मराठीत चांगल्या जोड्या सापडतात. 'मीठ' आणि 'मूठ' यांतल्या स्वरांचा खालचा भाग जवळजवळ सारखा असतो, फरक वरच्या भागात. 'ई'चा दोन हजार हर्ट्झच्या वर, 'ऊ'चा एक हजाराच्या खाली. मूल हे दोन मिसळत असेल तर जाड आवाजाचे इलेक्ट्रोड चांगले आणि मधले-वरचे गुंतलेले, असा संशय घ्या. 'साल' आणि 'शाल' मिसळले तर तळाकडच्या इलेक्ट्रोडांकडे जा. दोन्ही ऐकू येतात पण वेगळे वाटत नाहीत म्हणजे पसारा किंवा असमतोल, आणि 'स' ऐकूच येत नाही म्हणजे तिथला टी किंवा मायक्रोफोन. 'म' हरवत असेल तर टोकाकडचा टी कमी आहे. 'दार' आणि 'तार', 'नळ' आणि 'मळ', 'पाट' आणि 'पाठ' या जोड्या त्यानंतर घ्या. मुलाला आधीपासून माहीत असलेले शब्दच वापरा, नाहीतर ऐकण्याची चाचणी शब्दसंग्रहाची होऊन बसते.

पालकांसाठी एक विनंती: पुढच्या भेटीपर्यंत वहीत रोजच्या चुका जशाच्या तशा लिहून आणा. 'नीट ऐकत नाही' असे लिहू नका. 'मूठ म्हटलं तर मीठ आणून दिलं' असे लिहा. त्या एका ओळीवरून कोणत्या इलेक्ट्रोडपासून सुरुवात करायची ते ठरते. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून इम्प्लांट मिळालेल्या मुलांच्या पालकांनीही ही वही आणि एक्स-रेची प्रत प्रत्येक केंद्रात सोबत न्यावी. या योजनेच्या इम्प्लांटचे समन्वयन वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था करते, पण रोजचे मॅपिंग बहुधा घराजवळच्या केंद्रात होते आणि कागद त्यांच्यापर्यंत आपोआप पोचत नाहीत.

मॅप सगळा तपासूनही घसरण थांबत नसेल

काही वेळा सगळे बरोबर केलेले असते आणि तरी मुलाचे ऐकणे मागे जाते. दर भेटीला सगळ्या इलेक्ट्रोडांच्या पातळ्या वर चढत असतील, इम्पीडन्स एका भेटीत वर आणि दुसऱ्या भेटीत खाली उडत असतील, आवाज मधूनच तुटत असेल, किंवा यंत्राच्या जागी दुखत असेल, तर मॅपशी झटत बसू नका. मेनिंजायटिसनंतर (मेंदूच्या आवरणाचा दाह) बहिरे झालेल्या मुलांत कॉक्लियाच्या आत हाड वाढत असण्याचीही शक्यता पाहावी लागते. आतापर्यंतच्या सर्व भेटींचे इम्पीडन्स, टी, सी आणि एनआरटी एका तक्त्यात मांडा, कंपनीकडून आतल्या यंत्राची तपासणी मागा आणि सर्जनला नवे चित्र काढायला सांगा. यंत्र सदोष निघाले तर ते बदलण्याची शस्त्रक्रिया करता येते. तो निर्णय होईपर्यंत मुलाला त्याला सर्वांत चांगला चालणारा जुना मॅप द्या आणि थेरपीचा एकही आठवडा चुकू देऊ नका.